भरलेल्या बिलाची वसुली, तीसुद्धा दुकानदाराच्या फोनवर

तिरफळ (६ जुलै २०२५, रात्री १०.१२)

मंडळी, सल्ला हवाय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं घर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या अलीकडे. आई-बाबा तिथे, मी डोंबिवलीत. बाबा प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेत, गावात सगळे गुरुजीच म्हणतात. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी गावी राहून काम करत होते तेव्हा बाबांच्या नावावर एका मोठ्या कंपनीचं ब्रॉडबँड घेतलं होतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. वाडीतले खांब आडवे झाले, वायर माडांच्या झावळांखाली गेली आणि कनेक्शन गेलं ते गेलंच. महिनाभर वाट बघून बाबांनी ते बंद करायला सांगितलं. मोडेम स्वतः एसटीने कुडाळच्या ऑफिसात नेऊन दिला आणि शेवटचं बिल १,४१६ रुपये तिथेच चेकने भरलं. तारीख २८ जून २०२१.

चार वर्षं सगळं शांत. यंदा मे महिन्यात फोन सुरू झाले. म्हणे ३,८९४ रुपये थकलेत, लेट फी धरून. बाबांनी पहिल्या फोनला शांतपणे सांगितलं की पैसे भरलेत. दुसऱ्याला सांगितलं. पाचव्याला त्यांचा आवाज चढला. आईने एकदा उचलला आणि मालवणीत सुरू झाली, "कसले पैशे? ते कधीच भरले. पावती हा माझ्याकडे. येवचा असात तर ये, चाय पी नि जा." समोरच्या हिंदीवाल्याला ओ की ठो कळलं नसावं.

खरी गंमत पुढे. (गंमत कसली.) आमच्या घरात रेंज नाही, खळ्याच्या टोकाला जाऊन उभं राहावं लागतं. म्हणून फॉर्मवर दुसरा नंबर वाडीतल्या किराणा दुकानाचा दिला होता, आम्ही ज्यांना नाना म्हणतो त्यांचा. आता ते फोन नानांना येतात. परवा नानांनी गडबडीत स्पीकर लावला, काउंटरवर चार माणसं उभी, आणि तो मनुष्य ओरडून सांगतोय की मास्टरजींनी कंपनीचे पैसे बुडवलेत, पोलीस येतील. तेव्हापासून बाबांनी दुकानात जाणं सोडलंय. दूध आणायला शेजारच्या पोराला पाठवतात. हा माणूस चाळीस वर्षं कोणाच्या चार आण्यांना मिंधा नाही.

आणि पावती! बाबांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत जपली होती. काल काढली तर कोरी. अक्षरशः कोरा कागद. उजेडाकडे तिरका धरला तर एक-दोन अक्षरांचा भास होतो. वहीत मात्र नोंद आहे, त्यांच्या त्या शाळेतल्या वळणदार अक्षरात: "दि. २८-६-२१, इंटरनेट अखेरचे बिल रु. १४१६, चेकने. मोडेम परत केला. पावती घेतली."

वही पुरावा म्हणून चालते का? आणि हे फोन थांबवायचे कसे?

शिरवाळे (६ जुलै, रात्री १०.४०)

कटू वाटेल, पण चार हजारांसाठी वयस्कर माणसाचं बीपी वाढवण्यात काय अर्थ आहे? देऊन टाका आणि मोकळे व्हा. तुमचा वेळ, बाबांची झोप, ह्यांची किंमत त्याहून जास्त आहे. तत्त्वाचे प्रश्न मोठ्या रकमांसाठी राखून ठेवावेत.

बांधावरचा_माड (६ जुलै, रात्री ११.०५)

शिरवाळे, मी हेच केलं होतं. मोबाईलचं भरलेलं बिल, नऊशे रुपये, कटकट नको म्हणून पुन्हा भरलं. एजन्सीच्या माणसाने पाठवलेल्या लिंकवर. सहा महिन्यांनी दुसऱ्या एजन्सीचा फोन, तेच बिल, आता साडेअकराशे. पहिल्या नऊशेची कंपनीकडे नोंदच नाही. म्हणजे एकच बिल मी दोनदा भरलं आणि तिसऱ्यांदा मागायला माणूस हजर. तेव्हा भरून मोकळं होता येतं हा गैरसमज आहे.

तिरफळ (६ जुलै, रात्री ११.२०)

नवराही शिरवाळ्यांसारखंच म्हणतोय. पण बाबांना कळलं की मी परस्पर भरले, तर ते माझ्याशी बोलायचे नाहीत. त्यांच्या लेखी ते "गुन्हा कबूल" केल्यासारखं होईल.

चिपळूणकरीण (७ जुलै, सकाळी ७.५५)

तिरफळताई, मी दोन वर्षं पनवेलला वसुलीच्या कॉल सेंटरमध्ये होते. अभिमान नाही, माझ्याही घराचे हप्ते होते. पलीकडच्या बाजूला काय चालतं ते सांगते, म्हणजे कुठे जोर लावायचा ते कळेल.

सकाळी एक शीट येते. नाव, पत्ता, दोन-तीन नंबर, रक्कम, किती दिवस थकलं. दिवसांप्रमाणे 'बकेट' पडतात. जितकं जुनं बिल तितकं एजन्सीचं कमिशन जास्त, कारण ते वसूल होण्याची आशा कमी. तुमच्या बाबांसारखी चार वर्षांपूर्वीची खाती फार स्वस्तात फिरतात, एका एजन्सीकडून दुसरीकडे. फोन करणाऱ्या मुलीसमोर तुमचं लेजर, म्हणजे खात्याचा जमाखर्च, नसतो. चेक, मोडेम, वादळ, काही नसतं. एक आकडा असतो. त्यामुळे तिला कितीही पुरावा दिलात तरी तिच्या हातात काही नाही.

तिच्या हातात एकच गोष्ट असते, फोन संपल्यावर टाकायचा शेरा. तुम्ही ओरडलात तर शेरा 'आरटीपी', म्हणजे भरायला नकार. तुमचं खातं उद्या दुसऱ्या मुलीकडे, परवा टीम लीडरकडे, जो ओरडण्यात तयार असतो. तुम्ही "हो हो, बघते, पुढच्या आठवड्यात" म्हणालात तर शेरा 'पीटीपी', म्हणजे भरायचं कबूल. त्या तारखेला पुन्हा फोन, आणि आता तुम्ही शब्द मोडणारे. पण "हे बिल भरलेलं आहे, कंपनीकडे माझी तक्रार आहे, क्रमांक अमुक" एवढं सांगून फोन ठेवलात तर शेरा 'विवादित' पडतो. आमच्याकडे अशी खाती कंपनीकडे परत जायची. त्यात कमिशन नाही, तर कोण ठेवून घेईल?

म्हणून आधी तक्रार क्रमांक मिळवा. त्याशिवाय बोलूच नका.

नानांचं. दुकानाचा नंबर नेहमी लागतो, तुमच्या घरचा लागत नाही. जो नंबर लागतो तोच पुन्हा पुन्हा फिरवला जातो, त्यात नानांवर किंवा तुमच्यावर कोणाचा राग नाही. नानांना सांगा, निरोप घेऊ नका. "सांगतो हां गुरुजींना" म्हटलं की नंबर पक्का झाला. एवढंच बोलायचं: हा दुकानाचा नंबर आहे, ग्राहकाचा नाही, काढून टाका. आणि स्पीकर बंद!

हापूसवाला (७ जुलै, सकाळी ९.३०)

माझाही अनुभव. देवगडला बाग आहे. पिकअपचं कर्ज एका फायनान्स कंपनीचं, २०२३ला पूर्ण फेडलं, नो ड्यूजचं पत्र हातात. गेल्या एप्रिलमध्ये ऐन हंगामात, रात्री साडेआठला, पडवीत आम्ही सगळे पेट्या भरतोय, गवत पसरलंय, आणि दोन माणसं मोटारसायकलवरून आत. ५९० रुपये कुठल्यातरी हप्त्याच्या बाऊन्सचे राहिलेत म्हणे, गाडी उचलतो.

मी पेटी खाली ठेवली नाही. म्हटलं ओळखपत्र दाखवा, कंपनीचं अधिकारपत्र दाखवा. नव्हतं. म्हटलं घड्याळ बघा. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात सांगितलंय की वसुलीसाठी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७च्या नंतर फोन करायचा नाही. फोन चालत नाही तिथे घरात घुसणं चालेल का? गेले. कामगारांना एक डझन जास्त दिलं त्या दिवशी.

नंतर सिबिल रिपोर्ट काढला तर कर्ज 'थकीत'. कंपनीकडे आणि सिबिलकडे तक्रार केली. तीस दिवसांत दुरुस्ती नाही झाली तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. पत्रात ती ओळ लाल शाईने लिहिली. सव्विसाव्या दिवशी दुरुस्ती! न झाली असती तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार होतो. ती तक्रार ऑनलाइन होते, फुकट आहे.

तर तिरफळताई, त्यांना रिझर्व्ह बँकेचा नियम ऐकवा.

काळा_कोट_कुडाळ (७ जुलै, दुपारी १.१५)

हापूसवाले, तुम्ही केलंत ते उत्तम. पण इथे तो नियम चालणार नाही. तिरफळताईंचं देणं कर्जाचं नाही, टेलिकॉम कंपनीच्या बिलाचं आहे. रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं बँका आणि फायनान्स कंपन्यांसाठी. ब्रॉडबँड कंपनी त्यांच्या कक्षेत येत नाही, तिच्याविरुद्ध त्या लोकपालाकडे गेलात तर तक्रार दारातूनच परत येईल. लोक इथेच चुकतात आणि दोन महिने घालवतात.

टेलिकॉमसाठी ट्रायची, म्हणजे टेलिकॉम नियामक प्राधिकरणाची, २०१२ची तक्रार निवारणाची नियमावली आहे. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार, तिचा डॉकेट क्रमांक घ्यायचा. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील. त्याला पैसे लागत नाहीत, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तेव्हा तिकडे थेट पत्र पाठवून उपयोग नाही. त्यानेही भागलं नाही तर ग्राहक आयोग. टेलिकॉमचे वाद ग्राहक आयोगात चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ला स्पष्ट केलंय. २०१९च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला ओरोसला. इतक्या लहान रकमेला फी शून्य.

वहीबद्दल. गुरुजींची वही खोटी आहे असं कोणी म्हणणार नाही, पण ती एकटी पुरेशी नाही. चेकने भरलंय ना? मग बँकेतून २०२१च्या त्या महिन्याच्या उताऱ्याची प्रमाणित प्रत घ्या. १८९१चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट आहे, त्याखाली बँकेने रीतसर प्रमाणित केलेली नोंद कोर्टात पुरावा धरली जाते. शिवाय चेकची स्कॅन केलेली प्रतिमा मागा, दोन्ही बाजूंची. आता चेक क्लिअरिंगला कागद फिरत नाही, प्रतिमा फिरते.

मुदतीचंही बघा. १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा देण्यासाठी दावा लावायला ३ वर्षं. २०२१चं बिल आता मुदतबाह्य झालंय. अर्थात दावा लावायला मुदत असते, फोन करायला नसते! म्हणून तर ते फोन करतात. आणि "निदान पाचशे भरा, बाकी माफ करतो, ह्या कागदावर सही करा" असं म्हणाले तर सही अजिबात नको. मुदत सरलेल्या देण्याचंही सही करून लेखी वचन दिलं तर करार कायद्याच्या कलम २५ने ते पुन्हा जिवंत होतं.

अंजीर_पाटव्याचं (७ जुलै, दुपारी २.००)

अवांतर: ती पावती पिशवीनेच खाल्ली. थर्मल कागदावर शाई नसतेच, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. प्लास्टिक मऊ ठेवायला जी रसायनं घालतात ती त्या लेपाला लागली की अक्षरं उडतात. त्यात आपल्याकडची हवा. अशा पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढायची, आणि मूळ पावती ठेवायचीच तर कागदाच्या पाकिटात.

तिरफळ (७ जुलै, रात्री ९.१०)

बाबांना पिशवीचं सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे जपली म्हणून गेली."

चिपळूणकरीण, काळा कोट, खूप आभार. उद्या भाऊ त्यांना मालवणला बँकेत नेतोय.

गुहागरी (८ जुलै, सकाळी ८.२०)

एक शंका. फोन करणारे खरंच एजन्सीचे आहेत कशावरून? आमच्याकडे "आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, ह्या नंबरवर फोन करा" असे मेसेज सर्रास येतात, आणि म्हातारी माणसं घाबरून लिंक दाबतात. वीज तोडायला २००३च्या कायद्याच्या कलम ५६ खाली लेखी नोटीस आणि पूर्ण १५ दिवस लागतात, हे किती जणांना ठाऊक असतं? जुनी ग्राहकांची यादी कोणाच्याही हाती लागते. त्यांच्या लिंकवर, क्यूआरवर एक रुपयाही नको. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

शिरवाळे (८ जुलै, सकाळी ११.०२)

भरा म्हटलं होतं, पण गुहागरींचा मुद्दा पटला. कोणाला भरायचे हेच माहीत नसेल तर भरणार कुठे. मागे घेतो.

तिरफळ (११ जुलै, रात्री १०.३०)

बँकेचं काम झालं. मॅनेजर बाबांचे विद्यार्थी निघाले, त्यामुळे चहा आधी आणि उतारा नंतर. ३० जून २०२१ला १,४१६ वटलेत, कंपनीचं नाव स्पष्ट आहे. चेकच्या प्रतिमेसाठी अर्ज दिलाय.

कंपनीत तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घेतला. तो मिळवायला चाळीस मिनिटं गाणं ऐकलं. शिवाय रजिस्टर एडीने पत्र पाठवलं. बाबांनी स्वतः लिहिलं, मी मसुदा दिला होता तो त्यांनी दोनदा तपासला आणि "सदरहू" काढून टाकला. कोणाला उपयोगी पडेल म्हणून देतेय:

"महोदय, माझ्या नावे असलेले ब्रॉडबँड कनेक्शन जून २०२१ मध्ये बंद करण्यात आले. अखेरच्या बिलाची रक्कम रु. १,४१६ मी दि. २८-०६-२०२१ रोजी आपल्या कुडाळ येथील कार्यालयात धनादेशाने भरली व मोडेम परत केला. सदर धनादेश दि. ३०-०६-२०२१ रोजी वटला असून बँकेच्या प्रमाणित उताऱ्याची प्रत सोबत जोडली आहे. असे असता आपल्या वतीने काही इसम रु. ३,८९४ ची मागणी करीत आहेत व माझ्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीस दूरध्वनी करून माझी बदनामी करीत आहेत. हे देणे मला मान्य नाही. तरी (एक) माझ्या खात्याचा संपूर्ण उतारा द्यावा, (दोन) ह्या मागणीचे काम कोणत्या संस्थेकडे दिले आहे ते लेखी कळवावे, (तीन) ही मागणी मागे घेऊन खाते निरंक असल्याचे पत्र द्यावे, आणि (चार) माझ्याशी ह्या विषयावर केवळ लेखी संपर्क साधावा. ह्या पत्राने मी कोणतेही देणे कबूल करीत नाही."

शेवटचं वाक्य काळ्या कोटांसाठी.

काळा_कोट_कुडाळ (११ जुलै, रात्री ११.००)

शंभरपैकी शंभर. "सदर" राहिलंय, गुरुजींना सांगा.

तिरफळ (१९ जुलै, सायंकाळी ६.४५)

कंपनीचं उत्तर आलं. ईमेलवर, तीन ओळी. "आपल्या खात्यावर रु. ३,८९४ थकीत आहेत, कृपया लवकरात लवकर भरावे." आमचं पत्र कोणी वाचलेलंही नाही. आज अपील केलं.

आणि बाबांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपने "अंतिम कायदेशीर नोटीस" आली. दिल्लीच्या वकिलाचं लेटरहेड, लाल शिक्का, तराजू, आणि "कलम ४२० अन्वये अटक". त्यातच खाली लिहिलंय की सप्टेंबरच्या लोकअदालतीत हजर न राहिल्यास वॉरंट निघेल. आई देवासमोर निरांजन लावून बसली.

काळा_कोट_कुडाळ (१९ जुलै, रात्री ८.३०)

आईंना सांगा, निरांजन लावा पण ह्या कागदासाठी नको.

बिल थकणं ही दिवाणी बाब आहे. त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. फसवणुकीचा गुन्हा व्हायला सुरुवातीपासून फसवायचा हेतू असावा लागतो. मोडेम एसटीने परत नेऊन देणाऱ्या माणसाचा तो कसा दाखवणार? बरं, १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली. २०२१च्या घटनेला जुनं कलम लागू शकतं असा युक्तिवाद त्यांना करता येईल, पण मला नाही वाटत त्या लेटरहेडने इतका विचार केला असेल. उलट अटकेची धमकी देऊन पैसे मागणं हेच न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हेगारी धाकदपटशा ठरू शकतं. तो मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट, नंबर, वेळ सगळं ठेवा आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्या.

लोकअदालत ही समेटाची जागा आहे. कोर्टात न आलेल्या वादाची दाखलपूर्व नोटीस असेल तर न गेल्याने वॉरंट निघत नाही, तुमच्याविरुद्ध निकालही लागत नाही. नोटीस खरी आहे का हे मालवण कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे विचारता येईल. मात्र तिथे गेलात आणि तडजोडीवर सही केलीत तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. म्हणून घाबरून जायचं नाही आणि गेलात तर घाईत सही करायची नाही.

बांधावरचा_माड (१९ जुलै, रात्री ८.४१)

तराजू लाल रंगात असला की नोटीस हमखास व्हॉट्सअ‍ॅपवाली. खऱ्या नोटिसा फार कंटाळवाण्या दिसतात.

तिरफळ (२ ऑगस्ट, दुपारी १२.२०)

भाऊ विचारून आला, समितीकडे आमच्या नावाची कुठलीही नोटीस नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली. बाबांचा सिबिल रिपोर्टही काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो), स्वच्छ आहे. नाना आता ठरलेलं वाक्य म्हणतात. आठवड्याला एखादाच फोन.

आणि बँकेने चेकच्या दोन्ही बाजू पाठवल्या. पुढची बाजू ठीक. मागे बाबांनी नाव, मोबाईल आणि ग्राहक क्रमांक लिहिलाय. सगळं जागच्या जागी आहे. मग पैसे गेले कुठे?

चिपळूणकरीण (२ ऑगस्ट, दुपारी १२.५०)

ताई, ग्राहक क्रमांक कुठल्या आकड्यांत लिहिलाय? इंग्रजी की मराठी?

तिरफळ (२ ऑगस्ट, दुपारी १२.५८)

मराठी. बाबा दुसऱ्या कुठल्या आकड्यांत लिहीतच नाहीत. का?

चिपळूणकरीण (२ ऑगस्ट, दुपारी १.०६)

त्यात '१' आहे का? आता तो मराठी न येणाऱ्या माणसाच्या नजरेने बघा.

तिरफळ (२ ऑगस्ट, दुपारी १.१०)

अरे देवा. नऊ.

शेवटून दुसरा आकडा १ आहे. आणि बाबांचा १ तर असा गोलसर, शेपटी लांब. पुस्तकातल्यासारखा.

हापूसवाला (२ ऑगस्ट, दुपारी १.३०)

चिपळूणकरीण बाई, तुम्हाला आमच्याकडून एक पेटी. पुढच्या हंगामात, पण नक्की.

काळा_कोट_कुडाळ (२ ऑगस्ट, दुपारी २.१५)

ही प्रतिमा अपिलाला जोडा, आजच. आणि सरळ लिहा: ज्या खात्याचा शेवटून दुसरा आकडा ९ आहे, त्या खात्यात ३० जून २०२१च्या सुमारास १,४१६ जमा झालेत का ते तपासा. त्यांना शोधायला लावू नका, बोट दाखवा. मराठी आकड्यांत लिहिणं ही चूक नव्हे हेही लिहून ठेवा. रक्कम त्याच आकड्यांत होती आणि ती बरोबर वटली.

अंजीर_पाटव्याचं (२ ऑगस्ट, दुपारी २.४०)

रक्कम वटली कारण ती अक्षरीही लिहिलेली असते. ग्राहक क्रमांक कोण अक्षरी लिहितो!

तिरफळ (२२ ऑगस्ट, रात्री ९.५०)

झालं. अपिलाचा निकाल आला, मुदतीच्या आत. रक्कम ९ असलेल्या क्रमांकावर गेली होती. तो क्रमांक त्यांच्याकडे कोणाचाच नाही, म्हणून पैसे चार वर्षं 'सस्पेन्स' खात्यात, म्हणजे कोणाचे ते न कळलेल्या पैशांच्या खात्यात, पडून होते. इकडे बाबांच्या खात्यावर १,४१६ बाकी, त्यावर बंद करण्याची नोंद उशिरा झाल्याने आणखी एका महिन्याचं भाडं, मग लेट फी, असा डोंगर. सगळं रद्द. खाते निरंक असल्याचं पत्र रीतसर शिक्क्यासह पोस्टाने आलं. दिलगिरी एका ओळीत. बदनामीबद्दल अवाक्षर नाही. त्यासाठी ग्राहक आयोगात जायचं का, ते बाबा गणपतीनंतर ठरवणार आहेत. मला वाटतं जातील.

चाळीस वर्षं पहिलीच्या मुलांना एक गिरवायला शिकवला आणि त्याच एकाने दगा दिला, असं म्हणून खूप हसले. आईच्या म्हणण्याप्रमाणे मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

शिरवाळे (२२ ऑगस्ट, रात्री १०.०५)

मी जुलैत "देऊन टाका" म्हटलं होतं ती ओळ कोणी पुसता येईल का? अभिनंदन, गुरुजींना नमस्कार.

बांधावरचा_माड (२३ ऑगस्ट, सकाळी ८.१५)

माझे नऊशे पण कुठल्यातरी सस्पेन्समध्ये सुखात असतील. उद्यापासून शोधतो. रजिस्टर एडी करायची तर घाई करायला हवी, १ सप्टेंबरपासून ती स्पीड पोस्टात विलीन होतेय म्हणे.

गुहागरी (२३ ऑगस्ट, सकाळी ९.००)

मग आता गुरुजी इंग्रजी आकडे लिहिणार का?

तिरफळ (३ सप्टेंबर, रात्री १०.२०)

गणपतीला गावी आले होते, तिथूनच लिहितेय, खळ्याच्या टोकाला छत्री धरून.

पत्राची एक झेरॉक्स नानांनी मागून घेतली आणि दुकानातल्या फ्रीजला चिकटवली, दुधाच्या पिशव्यांच्या दराच्या वर. काल मी साखर आणायला गेले तेव्हा कोणा तिसऱ्याच एजन्सीचा फोन आला. नानांनी चष्मा लावला, फ्रीजकडे वळले आणि पत्राचा जावक क्रमांक, तारीख, सगळं सावकाश वाचून दाखवलं. मग म्हणाले, "आणि ह्यो दुकानाचो नंबर हा. गिरायकाचो नाय. काढून टाक." बाबा बाजूच्या बाकावर बसून पेपर वाचत होते. मान वर केली नाही, पण पानही उलटलं नाही.

गुहागरी, आकडे बदलणार नाहीत. आज विजेच्या बिलाचा चेक लिहायला घेतला. मागच्या बाजूला ग्राहक क्रमांक लिहिला, आणि त्याखाली कंसात तोच अक्षरी. बारा आकडे. चेकची अर्धी पाठ भरली. आई मागून डोकावून म्हणाली, "आणखी वायंच लिवलात तर पत्रच होतला."